इबेमहालचा नंबर

मोइरांगच्या बाजारात इबेमहाल न्गारी विकायला बसायची. आंबवलेल्या मासळीचा तो वास ज्याला सोसत नाही त्यानं तिच्या ओट्याकडे फिरकू नये, आणि ज्याच्या तोंडाला त्या वासानं पाणी सुटतं त्यानं दुसरीकडे पैसे वाया घालवू नयेत, असा तिचा माल. बाई जिभेनंही तिखट. भाव पाडून मागणाऱ्या गिऱ्हाइकाला म्हणायची, "घरी मांजर असेल तर त्याच्यासाठी मागताय का? माणसांना या भावात देत नाही मी." गिऱ्हाईक हसत हसत पूर्ण पैसे मोजायचं.

एवढी बोलणारी बाई, पण बोलताना खांद्यावरच्या इनाफीचं टोक सदा ओठांपाशी. आणि गालात विडा. आता बाजारातल्या कुठल्या बाईच्या गालात विडा नसतो? आल्यागेल्याला पान-सुपारी द्यायची आणि दिलेली नाकारायची नाही, ही इथली रीतच. पण इबेमहालचं खाणं सगळ्यांच्या चार हात पुढे. एक विडा संपायच्या आत दुसरा. "हिचा सगळा नफा पानवालीच्या घरात जातो," असं बायका म्हणायच्या. इबेमहाल लाल दात दाखवून हसायची आणि लगेच टोक वर ओढायची.

खरी गोष्ट अशी की तिच्या हिरड्यांतून रक्त यायचं. घास चावला की यायचं, चूळ भरली तरी यायचं. रक्त दिसतं म्हणून तिनं दात घासणंच सोडलं होतं, आणि जे येईल ते पानाच्या लालीत लपून जाईल अशी सोय करून ठेवली होती. ही युक्ती दुसऱ्या कुठल्या मुलखात चालली नसती. जिथं सगळा गावच लाल थुंकतो तिथं रक्त कोण ओळखणार? चुन्यानं तोंड आणखी सोलवटायचं, पण तिनं त्याकडे कानाडोळा केला होता.

बाजारात हे कळलेली एकच बाई, शेजारच्या ओट्यावर कमळाचे देठ विकणारी चाओबी. दोघींचं दुखणं एकच होतं. दोघींचे नवरे सुईच्या नशेपायी गेले आणि जाताना एचआयव्ही यांच्या पदरात टाकून गेले. दोघी महिन्याच्या महिन्याला केंद्रावर जाऊन गोळ्या आणायच्या, आणि बाजारात मात्र त्याबद्दल चकार शब्द काढायच्या नाहीत.

घरच्यांपैकी आईला हे दुखणं माहीत होतं, थोरला भाऊ ब्रजमणी याला माहीत होतं आणि त्याची बायको थाबातोन हिला माहीत होतं. थाबातोन वाईट बाई होती असं मी म्हणणार नाही. नवरा गेला तेव्हा इबेमहालच्या घरी तांदळाचं पोतं पाठवणारी तीच होती. पण पुढे एकदा अंगणातल्या तळ्याच्या काठी इबेमहाल पेरू खात बसली असताना थाबातोनच्या लहान लेकीनं आत्याच्या हातातला पेरू मागितला. इबेमहाल द्यायला गेली आणि थाबातोनला त्या पांढऱ्या गरावर रक्ताची रेघ दिसली. तिनं पेरू हिसकावून तळ्यात भिरकावला आणि पोरीला उचलून आत नेलं. एक शब्द बोलली नाही. बोलली असती तर भांडता तरी आलं असतं.

तेव्हापासून निंगोल चाकौबाच्या दिवशी, म्हणजे गावातल्या झाडून साऱ्या लेकी-बहिणी नटूनथटून माहेरी जेवायला जातात त्या दिवशी, इबेमहालला माहेरून निरोप यायचा, "तू घरीच थांब, डबा पाठवते." डबा चांगला भरलेला असायचा. माशाचे मोठे तुकडे असायचे. इबेमहाल तो उघडायची, दोन घास खायची आणि उरलेलं शेजारच्या कुत्र्याला घालायची. त्या दिवशी रस्त्यावरून नव्या फनेकातल्या बायका जाताना दिसायच्या, म्हणून ती खिडकीही उघडायची नाही.

तर त्या वर्षी दसरा झाला आणि ब्रजमणी स्वतः बाजारात आला. ओट्यासमोर उभा राहून उगीच न्गारी चाचपायला लागला.

"तामो, घ्यायची आहे की नुसता वास घ्यायला आलास?" इबेमहालनं भावाला विचारलं.

"यंदा जेवायला ये," तो म्हणाला. "इमा म्हणते, माझी लेक पंगतीत बसली नाही तर मीही जेवणार नाही. म्हातारी हट्टाला पेटली आहे."

"आणि इतैमा?" तिनं वहिनीबद्दल विचारलं.

"तीपण ये म्हणाली." ब्रजमणीनं न्गारी खाली ठेवली. "फक्त ते... मागच्यासारखं काही... पोरी आता मोठ्या झाल्यात, त्यांच्या सासरचीही माणसं असतील."

पुढचं त्याच्यानं बोलवेना. इबेमहालला न बोललेलंही समजलं. रक्त दिसता कामा नये. यंदा दिसलं तर म्हातारी आई असेतोवर पुन्हा बोलावणं नाही, आणि आई किती दिवसांची सोबती.

"येईन," ती म्हणाली.

भाऊ गेल्यावर चाओबीनं देठांची जुडी खाली टाकली. "येईन म्हणालीस खरं. खाणार कशी? गेल्या महिन्यापासून तू भाताची पेज पितेस. मला दिसत नाही होय?"

"पान खाऊन जाईन."

"पंगतीत पान गालात धरून भात खाणार? असं कुणी खातं का गं?"

इबेमहाल न्गारीवरच्या माश्या हाकलायला लागली. दातांच्या दवाखान्याचे तिचे अनुभव चाओबीला तोंडपाठ होते. इंफाळच्या एका खाजगी दवाखान्यात तिनं खरं सांगितलं, तर "सगळे पेशंट झाले की सगळ्यात शेवटी या," असं उत्तर मिळालं. सगळे झाले तेव्हा यंत्र बिघडलं होतं. दुसऱ्या दिवशीही बिघडलेलंच होतं. आणखी एका ठिकाणी डॉक्टरनं खुर्चीत बसवलंच नाही, दारातूनच दुखण्याच्या गोळ्या दिल्या. यंत्र असं माणूस बघून बिघडतं हे मी तरी दुसरीकडे ऐकलेलं नाही.

"सरकारी दवाखान्यात दातांची नवी डॉक्टर आली आहे," चाओबी म्हणाली. "लिंथोइ नाव. माझी दाढ तिनंच काढली. जा म्हणते ना."

"तू खरं सांगितलंस तिला?"

"सांगितलं. ती म्हणाली, बरं, आता तोंड उघडा."

दुसऱ्या दिवशी इबेमहाल ओटा चाओबीच्या भरवशावर सोडून दवाखान्यात गेली. दातांच्या खोलीबाहेर एक लांब बाक होता आणि भिंतीवरच्या खिळ्याला नंबर घातलेल्या पत्र्याच्या चकत्या लटकत होत्या. आलेल्या माणसानं वरची चकती काढून घ्यायची. ती सकाळीच पोचली होती, त्यामुळे चकती पुढच्या नंबराची मिळाली. एक म्हातारा गाल धरून आला. इबेमहालनं आपली चकती त्याला दिली आणि त्याची घेतली. मग लेकराला घेऊन बाई आली, तिलाही दिली. मग एक मास्तर आले, त्यांना शाळेत परत जायचं होतं. मग एक धडधाकट तरुण आला, त्याला कसलीही घाई नव्हती, तरी इबेमहालनं चकती पुढे केलीच. तो चकित झाला, पण फुकट मिळालेला नंबर कोण सोडतो?

शेवटी बसायचं हे तिच्या अंगातच मुरलं होतं. दवाखान्यात शेवटी, नळावर शेवटी, लग्नाच्या पंगतीत शेवटच्या पानावर. कुणी सांगायची गरज उरली नव्हती. ती आपणहून मागे सरकायची आणि त्याला चांगुलपणा म्हणायची.

दुपारी डॉक्टर हातमोजे काढत बाहेर आली. ठेंगणी, गोल चेहऱ्याची, केस वर बांधलेली. पोरसवदा दिसत होती, पण आवाज बाजारात शोभावा असा, आणि हाक थोरल्या बहिणीला मारावी तशी.

"इचे, तुम्ही सकाळपासून इथं बसलेल्या मी पाहिल्यात. तुमच्या पुढं सगळा जिल्हा जाऊन आला. दात दुखतोय की बाक आवडला?"

इबेमहालनं इकडेतिकडे पाहिलं. बाकावर कुणी नव्हतं. तिनं इनाफी तोंडावर धरून हळूच सांगितलं, "मला ते आहे. केंद्रातल्या गोळ्या चालू आहेत. म्हणून शेवटी बसले."

डॉक्टर लिंथोइ तिच्या शेजारी बाकावर येऊन बसली.

"आत या, एक गंमत दाखवते," ती म्हणाली.

खोलीत कोपऱ्यात प्रेशर कुकरसारखा एक मोठा डबा होता. शेजारी कागदी पाकिटांत बंद केलेली अवजारं रचून ठेवलेली होती.

"हा वाफेचा डबा. आमदार येऊन गेला तरी अवजारं याच्यात जातात, तुम्ही येऊन गेलात तरी याच्यातच. तेवढाच वेळ, तेवढीच वाफ. हातमोजे दर माणसाला नवे. आता तुम्हाला शेवटी बसवलं तर त्याचा अर्थ काय होईल? बाकीच्यांच्या वेळी मी हयगय करते, असाच ना? ही तर माझीच बदनामी." ती हसली, पण लगेच गंभीर झाली. "तुम्ही मला सांगितलंत तरी. ज्यांना स्वतःलाच माहीत नाही अशी किती माणसं या खुर्चीत बसून जातात. मी काय त्यांच्या कपाळावर वाचू? उद्या या. जो नंबर मिळेल त्या नंबरावर आत यायचं. कुणाला दिलात तर मी बाहेर येऊन परत मागून घेईन, सगळ्यांदेखत. मला लाज नाही."

इतक्या वर्षांत इबेमहालला कुणी हाकललं होतं, कुणी कीव केली होती. असं दटावलं कुणी नव्हतं. ती घरी जाईपर्यंत रडत होती, आणि रडताना तिला बरं वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी तिचा नंबर पुकारला गेला तेव्हा तिच्यामागे चार माणसं होती. ती उठली आणि आत गेली. डॉक्टरनं आधी तिला पान थुंकायला लावलं, मग चूळ, पुन्हा चूळ, आणि पुन्हा. लाली उतरली तेव्हा आतलं खरं तोंड दिसलं. जिभेवर आणि टाळ्यावर दह्यासारखा पांढरा थर, हिरड्या सुजून लोंबलेल्या, मागे एका दाढेचा नुसता खुंट उरलेला.

"इचे, किती वर्षं रंगरंगोटी करताय ही?"

"रक्त दिसू नये म्हणून."

"दिसलं नाही म्हणजे गेलं का?" डॉक्टरनं दिवा जवळ ओढला. "गिळताना दुखतं?"

"आग होते."

"मग गोळ्या कशा घेता?"

इबेमहालनं डोळे मिटून घेतले. रात्रीची मोठी गोळी ती कित्येकदा उशाखाली ठेवून द्यायची. उद्या घेऊ म्हणायची.

"वाटलंच," डॉक्टर म्हणाली. "तोंड फार चुगलखोर असतं. गोळ्या चुकल्या की अंगाला कळायच्या आधी हे सांगून मोकळं होतं. हा पांढरा थर म्हणजे चुगलीच आहे. मी तोंडाचं बघते, पण तुम्ही उद्या केंद्रावर जाऊन रक्त तपासून घ्यायचं आणि गोळ्या चुकवल्यात हे स्वतः सांगायचं. ते ओरडतील. ऐकून घ्या."

मग तिनं काम सुरू केलं. त्या दिवशी खुंट काढला. चोखायच्या गोळ्या दिल्या, त्यांनी पांढरा थर जाईल म्हणाली. पुढच्या खेपांना दातांवरचं वर्षानुवर्षांचं कीटण थोडं थोडं खरवडून काढलं. हात इतका हलका की खुर्चीत इबेमहालला एकदा चक्क डुलकी लागली. ब्रश मऊ घ्यायचा, दोन वेळा घासायचं, कोमट मिठाच्या पाण्यानं चुळा भरायच्या. आणि पान बंद.

"पान बंद?" इबेमहाल खुर्चीत उठून बसली. "डॉक्टर, मग रक्त दिसेल."

"दिसू दे. घासायला लागलात की पहिले काही दिवस जास्तच दिसेल. घाबरून थांबायचं नाही. थांबलात की पुन्हा पहिले पाढे."

"चाकौबाला जेवायला जायचंय हो मला." आणि मग तिनं पेरूची सगळी गोष्ट सांगून टाकली. एवढी वर्षं चाओबीलासुद्धा सगळी सांगितली नव्हती. डॉक्टर ऐकताना हात पुसत होती, तिचा हात थांबला.

"इचे, लाळेतून हा रोग जात नाही. एका ताटात जेवून जात नाही. हे मी तुमच्या वहिनीला येऊन सांगू शकते."

"नको. तुम्ही सांगितलंत तर ती मान डोलावेल आणि डबाच पाठवेल. मी ओळखते तिला. मी नुसतं जेवून आले की झालं."

डॉक्टर लिंथोइनं त्यावर काही उपदेश केला नाही. "मग चाकौबापर्यंत आपण दोघी कामाला लागू," एवढंच म्हणाली.

पान सोडणं म्हणजे काय असतं ते आमच्याकडे राहिलेल्यालाच कळेल. ओट्यावर येणारी प्रत्येक बाई कमरेची पुरचुंडी सोडून विडा पुढे करायची, आणि इबेमहाल हात जोडायची. एक जण रागावून गेली. एक जण म्हणाली, "संन्यास घेतलास की काय?" दुसरी म्हणाली, "नवा नवरा बघतेय, त्याला लाल दात चालत नसतील." इबेमहाल म्हणाली, "नवरा मिळाला तर आधी तुझ्याकडे पाठवते, तुझ्या हातचं खाऊन जगला तर लग्न करते." पण घरी आरशासमोर ब्रश करताना तोंडातून गुलाबी फेस गळायचा. पानाच्या पुरचुंडीकडे हात जायचा. एका संध्याकाळी तर तिचा विडा बांधूनही झाला होता. मग तिला तो वाफेचा डबा आठवला, आणि तो बाजारात शोभणारा आवाज आठवला. तिनं विडा नेऊन चाओबीला दिला.

हळूहळू फेस पांढरा व्हायला लागला. गिळताना आग होईना. रात्रीची गोळी पाण्याबरोबर सरळ खाली उतरली तेव्हा ती स्वतःशीच हसली. केंद्रावर लोक ओरडले, तिनं ऐकून घेतलं. ओरडा खाऊन झाल्यावर ते म्हणाले, वेळेत आलात. मला विचाराल तर त्या दोन बायकांचं काय कौतुक करावं कळत नाही. एकीनं हात धरला हे खरंच, पण दुसरीनं तो रोज सकाळ-संध्याकाळ आरशासमोर एकटीनं धरून ठेवला, आणि तिथं बघायला कुणी नव्हतं.

चाकौबाच्या आधी रीतीप्रमाणे माहेरून पान-सुपारी आली, आमंत्रणाची. इबेमहालनं ती कपाळाला लावली आणि देवाजवळ ठेवली.

त्या दिवशी ती निळ्या काठाचं फनेक नेसून गेली. म्हाताऱ्या आईनं तिचा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि किती तरी वेळ सोडला नाही. पंगत मांडली तेव्हा इबेमहाल सवयीनं पार टोकाच्या पानावर जाऊन बसली. ब्रजमणी वाढत होता. भात, रोहूचा रस्सा, मिरची घातलेली एरोम्बा. एरोम्बाचा पहिला घास घेताना तिनं श्वास रोखला. मिरची लागली, नुसती मिरचीच लागली. किती वर्षांनी तिखट तिखटासारखं लागलं होतं. तिनं मान खाली घालून पोटभर खाल्लं.

जेवणं संपत आली तेव्हा थाबातोन फळांची परात घेऊन फिरली. सगळ्यांच्या पानात चिरलेल्या फोडी टाकत आली. इबेमहालपाशी येऊन थांबली आणि तिनं परातीतला एक अख्खा पेरू तिच्या पानावर ठेवला.

बाकी कुणाला त्यात काही दिसलं नाही. या दोघींनाच माहीत. इबेमहालच्या अंगाचा तिळपापड झाला. हिनं आज, इमासमोर, परीक्षा मांडावी? पेरू उचलून हिच्याच अंगावर फेकावा असं तिला क्षणभर वाटलं. मग तिनं पेरू उचलला, थाबातोनच्या डोळ्यांत बघितलं आणि कचकन मोठा घास तोडला. चावला, गिळला. हातातल्या पेरूकडे तिनंही नंतरच बघितलं, कारण आधी बघायचा धीर नव्हता. गर पांढरा होता. दातांच्या खुणा उमटल्या होत्या आणि सगळं पांढरं होतं. तिनं तो पेरू पानावर ठेवला, खाल्लेली बाजू वहिनीकडे करून.

थाबातोननं पाहिलं. परात उचलून ती पुढे गेली.

हात धुवायला इबेमहाल अंगणातल्या तळ्यावर उतरली तर मागून थाबातोन आली. पायरीवर बसली. गालातलं पान थुंकली, लालभडक. त्या लालीकडे बघत राहिली.

"तू कुठं गेली होतीस दाताला?" तिनं विचारलं.

"का हो, इतैमा?"

थाबातोननं मागे वळून कुणी नाही ना ते बघितलं. "यातलं पान किती आणि रक्त किती, माझं मलाच कळत नाही. वर्ष झालं. पुढचा दात हलतोय. तुझ्या तामोला सांगितलेलं नाही. मला भलतीसलती भीती वाटते, रात्री डोळ्याला डोळा लागत नाही. मागे तू... त्या पेरूपासून मला वाटायचं, मलाही..."

माफीबिफी तिनं मागितली नाही. खरं सांगायचं तर इबेमहालला पहिल्यांदा बरंच वाटलं. भोग आता, असं मनात आलं. मग तिनं त्या बाईचा चेहरा पाहिला. तिच्या स्वतःच्या आरशात इतकी वर्षं दिसायचा, तोच होता तो.

"पेरूतून काही होत नाही," ती म्हणाली. "नुसत्या पानानंही हिरड्या सडतात, डॉक्टर सांगते. परवा मला बोलावलंय तिनं. तुम्हीही चला."

तिसऱ्या दिवशी दोघी दवाखान्यात गेल्या. इबेमहालनं खिळ्यावरची चकती काढली, थाबातोननं तिच्या मागची. दोघी बाकावर बसल्या. दाराच्या फटीतून आतली खुर्ची दिसत होती. थाबातोन एकदा खुर्चीकडे बघायची, एकदा इबेमहालच्या हाताकडे.

"इबेमहाल," ती हळूच म्हणाली, "तुझी चकती मला दे ना. मी आधी जाऊन येते."

इबेमहालला कळलं. थाबातोनला खुर्ची आधी हवी होती, आपण तिच्यात बसायच्या आधी. आणि गंमत म्हणजे तिचा हात पुढे गेलासुद्धा. सवय हो, दुसरं काय. चकती दोघींच्या मधे होती. मग तिनं मूठ मिटली आणि हात मांडीवर ठेवला.

"नाही, इतैमा. माझा नंबर आधी आहे."

थाबातोनचा चेहरा उतरला. आतून नंबर पुकारला आणि इबेमहाल उठून गेली. डॉक्टर हिरड्या तपासत होती, छान म्हणत होती, आणि इबेमहालचं सगळं लक्ष बाहेर. ती गेली असेल. जाऊ दे. गेली तर गेली, नंबर आपला होता. पण काम संपवून ती दाराशी आली आणि बाकावर कुणी दिसेना, तेव्हा ती घाईनं व्हरांड्यात डोकावली.

थाबातोन व्हरांड्याच्या टोकाला नळावर वाकली होती. चूळ भरत होती, पान धुऊन काढत होती. पुन्हा चूळ, आणि पुन्हा. मग तोंड पुसत आली. लाली उतरलेलं तिचं तोंड इबेमहालनं पहिल्यांदाच पाहिलं. थकलेलं, फिकट, म्हातारं व्हायला लागलेलं.

आत डॉक्टर लिंथोइनं जुने हातमोजे टाकले, नवे घातले, खुर्ची पुसली आणि टरकन नवं पाकीट फाडलं. "बसा, इचे."

थाबातोन खुर्चीपाशी थांबली. खुर्चीच्या कातडी पाठीकडे बघत राहिली. डॉक्टरनं घाई केली नाही. इबेमहाल दारात उभी होती. मग थाबातोननं खांद्यावरची इनाफी काढली, इबेमहालच्या हातात दिली आणि बसली. पाठ टेकवली. डॉक्टरनं दिवा ओढला तसे तिचे हात खुर्चीच्या दांड्यांवर घट्ट आवळले गेले.

इबेमहाल बाहेर जायला वळली.

"जाऊ नकोस," मागून थाबातोन म्हणाली. "तू इथंच थांब."

इबेमहाल वहिनीची इनाफी पोटाशी धरून तिथंच थांबली.